देवणीच्या गोठ्यातले औषधज्ञान नोंदवहीत यायला हवे

लातूर जिल्ह्यातले देवणी देशभर ओळखले जाते ते आपल्या गोवंशामुळे. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा हे या जातीचे तीन प्रकार. गाय दुधाला चांगली, बैल औताला दमदार. ही जात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांनी तिच्या दुखण्यांवरचे उपचारही जपले. जातीला सरकारदरबारी मान्यता मिळाली. आता या उपचारांची नोंद आणि तपासणी व्हावी. ती का आणि कशी, याचे हे मुद्दे.

१. मोठे ग्रंथ राजाच्या जनावरांवर लिहिले गेले. घोड्यांचे वैद्यक शालिहोत्राच्या नावावर आहे, हत्तींचे पालकाप्याच्या. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. अग्निपुराणात गाईंच्या चिकित्सेचा अध्याय आहे, तरी कुणब्याच्या दावणीचे ज्ञान बहुतांशी तोंडीच राहिले. जखमेत किडे पडले की सीताफळीचा पाला ठेचून बांधायचा, पोटफुगीवर गोडे तेल पाजायचे, हे पोराने बापाचे पाहून शिकायचे. आता घरोघरची दावण रिकामी होते आहे आणि शिकणारे पोर पुण्याला कामाला आहे. सांगणारे म्हातारे आहेत तोवरच हे लिहून घेता येईल.

२. लेखी पुरावा असेल तरच हक्क टिकतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हळद आपल्या घराघरांत होती, पण तिथे कामी आले ते जुने ग्रंथ आणि छापील लेख. ज्या उपचाराचा कागदच नाही, त्याच्यासाठी कोण आणि कशाच्या आधारावर भांडणार?

३. नोंदीची जागा कायद्यात आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. राज्य जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथात आलेल्या ज्ञानाच्या वापराला लाभाच्या वाटणीतून बरीच सूट दिली. गावाच्या तोंडी ज्ञानाला लाभाच्या वाटणीचा दावा करायचा असेल, तर नोंदवहीचे महत्त्व आणखी वाढले आहे. ही वही तालुक्याला कागदपत्र पुरवण्यापुरती भरू नये. शिवारातली वनस्पती, तिचा वापरायचा भाग, मात्रा, ऋतू आणि सांगणाऱ्याची संमती, इतके तरी तिच्यात असावे.

४. नोंद झाली म्हणजे उपचार सिद्ध झाला, असे नाही. शेजारी उदगीरला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नोंदवहीतले उपचार त्याने तपासावेत. असे काम होऊ शकते. कासदाहावर, म्हणजे दगडीवर, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना वाटून कासेला लावण्याचा उपचार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ शेतकऱ्यांना शिकवते. सौम्य दगडी यावर आटोक्यात आली, तर प्रतिजैविकाचा खर्च वाचतो आणि त्याचे अंश दुधातून आपल्या पोटात जात नाहीत. मात्र ताप चढला, दुधात रक्त किंवा पू दिसला, की डॉक्टरांना बोलवायलाच हवे.

५. घातक प्रथा स्पष्ट शब्दांत नाकाराव्यात. तापल्या लोखंडाने डाग देणे ही जनावराची छळणूक आहे. मान वर ओढून घाईने औषध ढोसले, तर ते फुप्फुसात उतरू शकते आणि जनावर दगावू शकते. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्यापासून वाचवते ती वेळेवर टोचलेली लस. पिसाळलेले कुत्रे चावले, तर माणसाला आणि जनावराला एकही दिवस झाडपाल्यावर ठेवू नये. नोंदवहीत ‘हे करू नये’ असे वेगळे पान असावे.

६. जाणत्यांना मान द्यावा, पण डॉक्टरकीचा परवाना देऊ नये. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ ने उपचाराचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांकडे सोपवला आहे आणि ते योग्यच आहे. जाणत्याचे काम ज्ञान सांगण्याचे. त्याचे नाव नोंदवहीत यावे आणि त्याच्या ज्ञानातून औषध निघाले, तर गावाला वाटा मिळावा. बायकांनाही विचारावे. धारा काढणाऱ्या बाईला कासेचे दुखणे सगळ्यांत आधी कळते.

देवणी तालुक्यातल्या गावकऱ्यांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: आपली जैवविविधता समिती कुठे आहे, नोंदवही कुठे आहे आणि तिच्यात जनावरांच्या औषधांचे पान आहे का? पान नसेल, तर त्याच सभेत ते लिहायचा ठराव करून घ्या.