प्रौढ परभाषकाचा ‘ळ’ आणि आपला कान

गोडदेवच्या नाक्यावर शेअर रिक्षात बसावे, तर चालक म्हणतो, “थोडा वेल थांबा, अजून एक सीट येऊ द्या.” उत्तर भारतातून प्रौढ वयात आलेल्या या गृहस्थाचे मराठी प्रवाशांना पूर्णपणे कळते, तरीही कोणीतरी हसतेच. कळण्यात अडचण नसताना हसू का यावे, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी गंभीरपणे घ्यावयास हवा.

प्रमाण हिंदीत ‘ळ’ हा स्वनिम नाही. म्हणून शिकणारा त्याच्या जागी जवळचा ‘ल’ योजतो. (गुजराती वा मारवाडी दुकानदाराला हा ध्वनी घरचाच.) ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत अर्थभेद आहे खरा, परंतु रिक्षात वेलींचा विषय सहसा निघत नाही, संदर्भ अर्थ सांभाळून घेतो. दंत्य व तालव्य ‘ज’ची गोष्ट अधिक नाजूक. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, हा उच्चारभेद आपली लिपी दाखवीतच नाही. मग पुस्तकावरून शिकणाऱ्याने तो कोठून उचलावा?

कॅनडातील मन्रो व डरविंग यांनी मँडरिनभाषक प्रौढांच्या इंग्रजीचा अभ्यास करून १९९५ मध्ये दाखविले की, उच्चार परका वाटणे आणि बोलणे न कळणे ह्या भिन्न गोष्टी होत. आपल्याला त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. या किनाऱ्यावरील आगरी बोलीत ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. त्या आजीबाईंच्या मराठीपणाविषयी कोणी शंका घेत नाही. (त्यांच्या नातवंडांना शाळेत हसतात, तो भाग निराळा.) एकच ‘ल’ भूमिपुत्राच्या मुखी बोली ठरतो आणि नवागताच्या मुखी अशुद्ध.

रिक्षापरवान्यासाठी शासनाने २०१६ मध्ये घातलेली मराठीची अट मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. २०२५च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठी बोलण्यावरून मारहाण झाली, मोर्चे निघाले. मराठी ‘येणे’ म्हणजे नेमके काय, हे मात्र आम्ही विद्यापीठीय मंडळींनी कधी सांगितले नाही. माझ्या मते, प्रौढांच्या वर्गात आरंभीच ‘ळ’ घोटून घेणे हा वेळेचा अपव्यय होय. आधी पुरी वाक्ये निर्भयपणे बोलू द्यावीत. ‘ळ’ मागाहून, तोही प्रथम कानाने ओळखावयास शिकवावा. दंत्य ‘च’, ‘ज’खाली पाठ्यपुस्तकांत नुक्ता द्यावा.

नाक्यावरचा तो चालक हसू ऐकल्यावर पुढचे वाक्य हिंदीत बोलतो. आणि आपणही त्याला हिंदीतच उत्तर देतो.