घरचा फोन बदलताय? नंबर मागेच राहील

लँडलाइन महिन्यातले आठ दिवस बंद आणि दारात फायबरवाला उभा : इंटरनेट घ्या, फोन फुकट. कंपनी बदलण्याचा निर्णय मग पाच मिनिटांत होतो. अडचण नंतर कळते.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी 2011 पासून आहे. लँडलाइनला ती नाही. त्याच कंपनीत तांब्याच्या तारेवरून फायबरवर गेल्यास जुना नंबर सहसा राखता येतो. दुसरीकडे गेल्यास नवा घ्यावा लागतो. गावच्या आत्याला पाठ असलेला, बँकेच्या दप्तरी लिहिलेला नंबर सुटतो. अमेरिका, ब्रिटनमध्ये घरचा नंबरही सोबत नेता येतो. मग इथल्याच ग्राहकाने का सोडावा? दूरसंचार नियामकाने हा प्रश्न आता टोलवू नये.

दुसरी गोष्ट विजेची. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून त्याच तारेने सुमारे 48 व्होल्टचा पुरवठा होतो, म्हणून घरची वीज गेली तरी तो वाजतो. (कॉर्डलेस असेल तर नाही.) फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो. आजी-आजोबा एकटे राहत असतील तर राउटरचा छोटा यूपीएस आधी, कनेक्शन नंतर.

जुनी लाइन लगेच तोडू नये. महिनाभर दोन्ही ठेवून बँक, गॅस, डॉक्टर यांना नवा नंबर कळवावा. मग लेखी अर्ज देऊन अनामत परत मागावी. नुसते बिल भरणे थांबवले, तर थकबाकी मागे लागते.