लस शेजाऱ्याला, अभय रुग्णाला

हडपसर आणि मांजरी बुद्रुक यांच्या परिसरात पसरलेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातून जानेवारी २०२१ मध्ये करोनावरील लशीची पहिली वाहने बाहेर पडली, तेव्हा एरवी उसाच्या आणि द्राक्षाच्या संशोधनामुळे जाणकारांना ठाऊक असलेल्या मांजरीचे नाव सर्वतोमुखी झाले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मोठे कार्य मात्र त्या साथीच्या कितीतरी आधीचे आहे. तिच्या गोवरलशीच्या कुप्या गेली अनेक वर्षे जगभरच्या गरीब देशांत जात आहेत. या कुपीला एक मर्यादा आहे आणि तिचा विचार क्वचितच होतो. कर्करोगावरील तीव्र उपचार चालू असलेल्या मुलाला ही लस देता येत नाही. ते मूल कारखान्याच्या भिंतीला लागून राहत असले तरीही नाही.

कारण सरळ आहे. गोवराची लस म्हणजे दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू. निरोगी शरीर त्याला ओळखते, आवरते आणि त्याची आठवण ठेवते. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार नेमके हे ओळखण्याचे आणि आवरण्याचे सामर्थ्यच क्षीण करतात. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अशा मुलांवरील ज्या औषधाचे परिणाम प्रसिद्ध केले, ते सिद्ध करण्यात आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता, हे आपल्याकडे अजूनही पुरेसे ठाऊक नाही. तेव्हा काही महिन्यांची उसंत मिळाली तरी डॉक्टर समाधान मानीत. आज प्रगत देशांत या रोगाची बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. परंतु त्यासाठी दोन ते तीन वर्षे उपचार चालतात आणि तेवढा काळ मूल जणू दार उघडे ठेवून राहत असते.

या उघड्या दारातून गोवर शिरला तर काय होते? गोवर अंगावर उमटला पाहिजे, आत जिरला तर घात होतो, असे जुन्या बायका म्हणत. निरोगी मुलाच्या बाबतीत त्या समजुतीला फारसा आधार नाही. या मुलांच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी ठरते. गोवराचे पुरळ हे विषाणूशी चाललेल्या शरीराच्या झुंजीचे चिन्ह आहे. झुंजच नसेल तर पुरळही उमटत नाही आणि निदान हुकते. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झटके सुरू होतात, कित्येकदा एकाच हाताचे वा पायाचे, आणि ते औषधांना दाद देत नाहीत. मूल बरळू लागते, गुंगीत जाते. मेंदूच्या पेशींत विषाणूने ठाण मांडलेले असते. त्यावर खात्रीचा इलाज अद्याप नाही आणि बहुतेक रुग्ण दगावतात. रक्ताचा कर्करोग आटोक्यात आलेली मुले गोवराने हिरावली जात आहेत, हे ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांना १९७० आणि १९८० च्या दशकांत पाहावे लागले. गोवराची लस तेथे १९६८ पासून उपलब्ध होती. ती घेण्यात समाज हयगय करीत होता.

कर्करोगाच्या उपचारांत मेंदूला होणारा विषाणूसंसर्ग एकाच प्रकारचा नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. जेसी नावाचा विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात निमूट पडून असतो. १९७१ मध्ये तो प्रथम वेगळा करण्यात आला तो हॉजकिन रोगाच्या एका रुग्णाच्या मेंदूतून. रितुक्सिमॅबसारख्या, प्रतिकारपेशींनाच लक्ष्य करणाऱ्या औषधांनंतर तो क्वचित जागा होतो आणि मेंदूतील श्वेतद्रव्य पोखरतो. घरातच दबा धरून बसलेल्या या शत्रूपुढे डॉक्टर सावध राहण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाहीत. गोवराचा विषाणू मात्र बाहेरून येतो, दुसऱ्या माणसाच्या श्वासातून येतो. म्हणजेच तो अडविता येतो.

अडविण्याची जागा शेजाऱ्याच्या दंडावर आहे. गोवराइतका संसर्गजन्य आजार विरळा. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तरंगू शकतो, आणि पुरळ उमटण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण तो पसरवीत असतो. म्हणून शंभरांतील पंच्याण्णव जणांना संरक्षण असल्याखेरीज साखळी तुटत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ पसरली आणि बालके मृत्युमुखी पडली, तेव्हा हे गणित चुकल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली. अमेरिकेत तर २०२५ मध्ये टेक्ससमध्ये दोन मुले गोवराने गेली, आणि ती लशीच्या तुटवड्यामुळे नव्हे. लशीविषयी संशय पेरणाऱ्यांना या दुसऱ्या मुलांचे, लस घेऊ न शकणाऱ्यांचे, उत्तर द्यावे लागत नाही, हीच त्या प्रचाराची सोय आहे.

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. अशा वाढत्या उपनगरांत इमारतींच्या पायथ्याशी मजुरांच्या वस्त्या उभ्या राहतात आणि काम संपताच हलतात. पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. मधल्या काळात कुटुंबाचा जिल्हा बदललेला असतो आणि लसीकरणाचे कार्ड कोठल्या तरी गाठोड्यात हरवलेले असते. या मुलांचा माग ठेवणे ही महापालिकेची जबाबदारी आहे आणि ती पोलिओच्या मोहिमांइतक्याच नेटाने पार पाडली गेली पाहिजे.

रुग्णालयांकडेही काही कामे आहेत. कर्करोगाचे निदान होताच त्या मुलाच्या भावंडांची आणि आईवडिलांची लस तपासली जावी. घरात आजारी मूल आहे म्हणून भावंडांची लसच थांबविणारी कुटुंबे असतात. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीबाबत ही धास्ती सकारण आहे, कारण तिचा विषाणू इतरांपर्यंत पोचू शकतो. गोवरलशीचा पोचत नाही, आणि हे डॉक्टरांनी आपण होऊन सांगितले पाहिजे. ताप-पुरळ असलेल्या मुलांना कर्करुग्णांच्या प्रतीक्षागृहात बसवू नये. संपर्क झालाच, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ते रात्री-अपरात्रीही हाताशी असावे आणि त्याच्या खर्चावरून नातेवाइकांची धावाधाव होऊ नये. उपचार संपल्यानंतर किमान तीन महिन्यांनी, प्रतिकारशक्ती सावरल्याची खात्री करून, त्या मुलालाही अखेर गोवराची लस देता येते. तिची तारीख घरी सोडतानाच कागदावर लिहून दिली जावी.