आमच्या पत्र्याच्या पेटीचा जबाब

मंडईजवळच्या एका सभागृहात व्याख्यान होतं. फुकट होतं, पंखे होते. पहिली पाळी करून आलो होतो, पाय बोलत होते, म्हणून जाऊन बसलो.

वक्ते म्हणाले, माणूस ओळखायचा तर त्याच्या घरातल्या वस्तू बघा. मग त्यांनी आपल्या घरातल्या वस्तू सांगितल्या. आजोबांची चांदीच्या मुठीची काठी. पणजीचा पितळी अडकित्ता. समया. लंबकाचं घड्याळ. शेवटी म्हणाले, जुनं जपणं हा संस्कार आहे. ज्यांच्या घरात जुनं काही नाही त्यांना मुळंच नाहीत. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. पण उठून प्रश्नही विचारला नाही. तो प्रश्न इथं विचारतो.

ज्यांना वस्तू बाळगायलाच बंदी होती, त्यांना तुम्ही कशावरून ओळखणार?

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. श्लोक ५१ आणि ५२. चांडाळांनी गावाबाहेर राहावं. त्यांचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं. अंगावर मेलेल्यांचे कपडे. जेवण फुटक्या भांड्यात. दागिने लोखंडाचे. म्हणजे आमच्या घरातल्या सामानाची यादी आमच्या जन्माआधीच कुणीतरी लिहून ठेवली होती. आमच्या हातात फुटकं भांडं यांनीच दिलं, आणि आता तेच विचारतात, तुमचं पितळ कुठाय?

हे फक्त पोथीत राहिलं असतं तर आज पोथी जाळून मोकळे झालो असतो. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. ते भाषण त्यांना करू दिलं नाही, त्यांनी स्वतःच छापलं. त्यात काय आहे ते पुन्हा बघा. पेशव्यांच्या राज्यात याच पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. इंदूरकडच्या बलाई लोकांना १९२८ सालचा सवर्णांचा हुकूम : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही. अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात १९३५ साली आमच्या बाया धातूच्या भांड्यातून पाणी आणायला लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. चोरीचं भांडं नव्हतं. स्वतःच्या पैशानं घेतलेलं होतं. गुन्हा एवढाच की ते मातीचं नव्हतं.

तेव्हा वक्तेमहाशय, वस्तूवरून माणूस ओळखतात हे आम्हाला तुमच्याकडून शिकायचं नाही. आमच्या पाठीवर ते लिहिलेलं आहे. वस्तू म्हणजे तुम्हाला आठवण. आम्हाला ती हद्द होती.

म्हणून महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली तेव्हा बाबासाहेब नुसत्या पोथीवर थांबले नाहीत. जमलेल्या बायांना त्यांनी लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली. ज्या दागिन्यांवरून जात कळते ते काढायला सांगितलं. काही विद्वानांना हे वरवरचं वाटतं. त्यांच्या आईच्या दंडावर जातीचा शिक्का कधी वाजला नाही, म्हणून वाटतं.

मंडईपासून चालत थोड्या अंतरावर राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, एकहाती जमवलं. वीस हजारांच्या वर वस्तू. अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. मी त्या माणसाला नमस्कार करतो. राजांच्या तलवारींमागं न धावता त्यानं दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. रोजच्या वापरातल्या वस्तूला इतिहास असतो हे त्यानं पुण्याला शिकवलं. मग आपण त्यातून काय शिकलो? एका माणसानं आयुष्य घालून दिवे जमवले. दिव्याखाली ज्यांचा अंधार होता त्यांच्या वस्तू कोण जमवणार? त्यासाठी सुद्धा दुसऱ्याच कुणी यायचं का?

आता माझ्या घरचं सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आजी-आजोबा पोट घेऊन पुण्यात आले. आजी मंडईत पाटी वाहायची. गिऱ्हाइकाची भाजी डोक्यावर घेऊन पेठेतल्या वाड्याच्या दारापर्यंत. दारापर्यंतच. आत नाही. आजोबा हमाली करायचे. गावाकडं असताना तरुणपणी ते जलशात गायचे, आणि ऐकलेली, रचलेली गाणी वहीत उतरून ठेवायचे. जेमतेम चौथी शिकलेला माणूस, अक्षर ओबडधोबड, पण वही नेमानं भरायचा.

गेल्या वर्षी आजी गेली. पत्र्याची पेटी उघडली. आत तिची चुंबळ निघाली. जुन्या लुगड्याची, डोक्याच्या घामानं काळी पडलेली. एक नऊवारी. रेशनकार्ड. नागपूरच्या दीक्षाभूमीचा फोटो. आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला चांदीचा छोटा टाक. खंडोबाचा.

आमचा एक कार्यकर्ता मित्र हजर होता. तो भडकला. म्हणाला, म्हातारी रोज बुद्धवंदना म्हणायची आणि पेटीत देव लपवायची? ५६ नंतर आपण देव नदीत सोडले ना? मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "आरं बाबा, देव म्हणून नव्हता ठिवला. घरात चांदी म्हणून तेवढंच व्हतं. तुझ्या बापाच्या आजारपणात दोनदा गहाण पडला आन् दोनदा सोडवला."

बघा. वक्त्याला त्या टाकात श्रद्धा दिसली असती. माझ्या मित्राला गद्दारी दिसली. होती ती गरिबी. वस्तू आपली आपण बोलत नाही. तिच्या जवळचं माणूस विचारावं लागतं, आणि ते जिवंत असेपर्यंतच विचारावं लागतं.

आणि वही? वही पेटीत नव्हती. ती फळीवर होती. खोली रिकामी करायची घाई होती, मीच सगळे कागद पोत्यात भरले. दिवाळी अंक, शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, जुनी हँडबिलं, त्यातच आजोबांची वही. चार किलो भरलं. बारा रुपयांनी अठ्ठेचाळीस रुपये आले. त्याचा मी दोघांना चहा पाजला. दोन दिवसांनी आईनं विचारलं, वही कुठाय? धावत गेलो. रद्दीवाला म्हणाला, माल कालच गेला.

मी कवी म्हणवतो. अंकात नाव छापून आलं की चार वेळा बघतो. आणि माझ्या घराण्यातला पहिला कवी मी बारा रुपये किलोनं विकला. मनूनं विकला नाही. वक्त्यानं विकला नाही. मी विकला. तेव्हा शिव्या द्यायच्या तर पहिली मला द्या, मग पुढं वाचा.

मित्रांनो, हे माझ्या एकट्याचं नाही. खुद्द बाबासाहेबांचे अप्रकाशित कागद त्यांच्या पश्चात वर्षानुवर्षं कोर्टाच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या ताब्यात पेट्यांत बंद होते. वसंत मूनांसारखी माणसं त्यांच्या मागं लागली, म्हणून ते बाहेर आले. सरकारनं लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली. महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी! ज्या माणसानं पुस्तकांसाठी राजगृह बांधलं, त्याच्या कागदांची ही गत. मग मंडईतल्या हमालाच्या वहीची काय कथा?

आता आपल्या भिंतीकडं बघू. बाबासाहेबांचा फोटो आहे. हार आहे. लाईटची माळ आहे. खाली काचेच्या कपाटात खंड आहेत. किती खंडांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत? खरं सांगा. ही मंडई १८८५-८६ मध्ये बांधली, तेव्हा नाव दिलं गव्हर्नर रे साहेबाचं. जोतीराव फुल्यांचा या बाजाराच्या खर्चाला विरोध होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला जोतीरावांचं नाव लागलं. नाव लागलं ते चांगलंच झालं. पण पाटीवर नाव आणि म्हणणं बाहेर, हा खेळ आपल्या घरात तरी नको. फोटो लावून माणूस ओळखला जात असता, तर आज प्रत्येक पक्षाच्या कचेरीत आंबेडकरवादी सापडला असता.

म्हणून सांगतो. या रविवारी मोर्चा नसेल तर घरी थांबा. फळीवरचं पोतं खाली काढा. गाण्याच्या वह्या, सभांची हँडबिलं, वर्गणीच्या पावत्या, दीक्षेच्या वेळचे फोटो, कामावरचे बिल्ले, पत्रं, आईचं जातं, आजीची चुंबळ बाजूला ठेवा. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि प्रत्येक वस्तूला विचारल्यासारखं त्याला विचारा. सांगेल ते त्याच्याच बोलीत उतरून घ्या, शुद्ध करू नका. वस्तीतल्या विहारात एक कपाट मागा. कुलूप लावा, पण किल्ली दोघातिघांकडं ठेवा. मूर्तीला वर्गणी निघते, कपाटालाही निघेल.

आणि फुटकं भांडं सापडलं तर लाजून टाकू नका. तेही ठेवा. तो पुरावा आहे.

माझ्या खोलीत आता पेटी आहे. आत चुंबळ आहे, टाक आहे, रेशनकार्ड आहे. आई आजोबांची गाणी आठवेल तशी म्हणते, मी लिहून घेतो. आजवर अकरा झाली. काहींचा निम्मा अंतरा गेलाय. तिथं मी माझे शब्द भरत नाही. जागा कोरी सोडतो. ती कोरी जागा माझी आहे. तेवढी अठ्ठेचाळीस रुपयांची.

जयभीम.