नवी नोकरी आणि एका पानाचा आदेश



दिवाळीच्या आधी चिखली तालुक्यातल्या एक मावशी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. हातात एका पानाचा आदेश होता. "भाऊ, हे वाचून पाहा बरं. पोराले काढून टाकलं म्हनते." मुलगा खाली मान घालून बसला होता. एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक, नोकरीला चौदा महिने झालेले. त्यांच्या घराण्यात महिन्याचा पगार आणणारा हा पहिलाच.

आदेशात लिहिले होते की, नोंदवहीत खाडाखोड करून रकमेचा अपहार केल्याचे आढळल्याने परिवीक्षा कालावधीतच आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. आधी कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही, खुलासाही मागितलेला नाही. ते अक्षर माझे नाही असे मुलगा सांगत होता, पण ऐकणार कोण? साहेब म्हणाले, "परिवीक्षेवर आहेस, तुला कसला हक्क?"

साहेबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. परिवीक्षा म्हणजे पारखण्याचा काळ, बहुधा दोन वर्षांचा. काम जमत नाही, एवढ्या साध्या कारणाने या काळात नोकरी संपवता येते आणि ती शिक्षा मानली जात नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्येही तसेच आहे. पण चोरी, लाच, अपहार असा ठपका ठेवून काढायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे राज्यघटनेचे कलम ३११ आडवे येते. आरोप लेखी कळवा, बाजू मांडू द्या, चौकशी करा, मगच काढा. नोकर कायम नसला तरी हे संरक्षण त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली पुरुषोत्तमलाल धिंग्रा या रेल्वे नोकराच्या खटल्यात सांगितले.

मग वरिष्ठ हुशार झाले. ठपका फाइलीत ठेवायचा आणि आदेश गोड भाषेत काढायचा! १९७४ साली समशेरसिंग खटल्यात सात न्यायमूर्तींनी तेही खोडून काढले. आदेशाची भाषा कशीही असो, त्यामागचे खरे कारण न्यायालय पाहू शकते. अनुप जयस्वाल हा आय.पी.एस.चा प्रशिक्षणार्थी. १९८१ साली हैदराबादच्या पोलीस अकादमीत पावसाच्या दिवशी सकाळच्या कवायतीला उशीर झाला, त्यात पुढारी म्हणून त्याच्यावर रोष आला आणि साध्या भाषेतल्या आदेशाने त्याला घरी पाठवले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून त्याला परत घ्यायला लावले.

मात्र आपल्या मुलांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सेवाप्रवेशोत्तर परीक्षा, टंकलेखनाचे प्रमाणपत्र, जात वैधता ही कामे "होईल सावकाश" म्हणून पडून राहतात. मुदत टळल्यावर धावपळ केली तर कलम ३११ उपयोगी पडत नाही. कायम होण्याचा आदेशही आपोआप हातात पडेल असे समजू नये. दोन वर्षे भरली की लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

परिवीक्षाधीन हा शब्द आपल्याला नवा नाही. १९१७ साली बडोदा संस्थानात बाबासाहेब महालेखापालांच्या कचेरीत परिवीक्षाधीनच होते. उतरायला कुठे जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास बजावून गेले. नोकरीतून काढल्याचा आदेश कोणी दिला नाही. राहायला जागा नाही म्हणून बडोदा सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले.

आदेश न काढता नोकरी सोडायला लावण्याची रीत आजही आहे. "राजीनामा दे, म्हणजे डाग लागणार नाही," असे गोड बोलून कागद पुढे करतात. माझ्या पाहण्यात दोघांनी अशी सही केली. आदेशाविरुद्ध लढता येते, स्वतःच्या सहीच्या राजीनाम्याविरुद्ध लढणे फार अवघड. आमच्या या मुलालाही तसे सुचवले होते. मावशींनी सही करू दिली नाही. त्या अंगठाबहाद्दर, पण कागदाची जरब त्यांना ठाऊक होती.

राज्य सरकारच्या नोकराने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जावे. बुलढाणा जिल्ह्यासाठी नागपूरचे खंडपीठ आहे आणि मुदत साधारण एक वर्ष. जिल्हा परिषदेचा नोकर मॅटच्या कक्षेत येत नाही, त्याला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा रस्ता आहे. जाताना नेमणूक आदेश, सेवापुस्तकाची नक्कल आणि मिळालेला प्रत्येक मेमो सोबत असावा. आदेश कोणत्या तारखेला हाती पडला, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

मुलाचा अर्ज नागपूरला दाखल झाला आहे. तारीख असली की मायलेक शेगावहून रात्रीची गाडी धरतात. मधल्या दिवसांत तो खामगावला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. मालकाने पहिल्याच दिवशी विचारले, सरकारी नोकरी का सुटली? त्याने आदेशाची झेरॉक्स काढून समोर ठेवली.