भूम्यामलकी परसात वाढवावी

भूम्यामलकीचे पंचांग आपण बहुतेक वैद्य बाजारातूनच घेतो. त्या वाळलेल्या मालात एकाच कुळातील दोन-तीन सारख्या वनस्पती मिसळलेल्या असू शकतात, आणि चूर्ण झाल्यावर हा भेद डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक वैद्याने भुईआवळी एकदा तरी आपल्या परसात बियांपासून वाढवावी, असे आमचे मत आहे.

बी अत्यंत बारीक असते. पावसाळ्याच्या तोंडी ते कुंडीतील भुसभुशीत मातीवर नुसते पसरावे, खोल गाडू नये. पाणी झारीने हलके द्यावे. पानांखाली फुले-फळे धरू लागली की भिंग हाती घ्यावे. फायलँथस अमारसच्या फुलास पाच परिदले, तर फ्रॅटर्नसच्या फुलास सहा असतात. युरिनेरियाचे फळ खडबडीत व जवळजवळ बिनदेठाचे असते.

हा भेद क्षुल्लक नव्हे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'द लॅन्सेट'मध्ये हिपॅटायटिस-बीच्या वाहकांवरील अमारसचे आशादायक निष्कर्ष मांडले; पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत ते आढळले नाहीत. वनस्पती नेमकी कोणती, हेच निश्चित नसेल तर गुण आला वा न आला, याचा निर्णय कसा करावा?

परसातील कुंडी फार्मसीची गरज भागवणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु फार्मसीचालकांनी खरेदीपूर्वी फुलाफळांसह ओला नमुना मागावा आणि परिचित वैद्याने तो आपल्या कुंडीतील रोपाशी ताडून पाहावा. येत्या पावसाळ्यात निदान एवढे तरी व्हावे, ही विनंती.