चेहऱ्यांची मिरवणूक

डेव्हिड ओ. रसेल यांचा 'ॲम्स्टरडॅम' (२०२२) संपला तेव्हा आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो कथानकाविषयीचा नव्हता. एवढी सारी माणसे जमली होती ती नेमकी कशासाठी, हा तो प्रश्न. ख्रिश्चन बेल, मार्गो रॉबी आणि जॉन डेव्हिड वॉशिंग्टन मध्यभागी; भोवती रॉबर्ट डी नीरो, रामी मालेक, आन्या टेलर-जॉय, क्रिस रॉक, झोई सलडाना, मायकल शॅनन, माइक मायर्स; आणि मोटारीखाली ढकलली जाण्यापुरती टेलर स्विफ्टसुद्धा. छायाचित्रण इमॅन्युएल लुबेझ्की यांचे. सुमारे आठ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरातून मिळवले ते जेमतेम तीन कोटींच्या थोडे वर. गल्ल्यावरून कलाकृतीचे मोल ठरत नाही, हे आम्ही जाणतो; पण या खेपेस प्रेक्षकाने जी पाठ फिरवली तीमागे काही वाङ्मयीन कारण असावे, असे आम्हांस वाटते.

'नामवंत कलावंत वाया घालवले' हे वाक्य परीक्षणांतून इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारीत नाही. सामान्यतः त्याचा अर्थ 'त्यांना पुरेसा वेळ दिला नाही' असा घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. रसेल यांच्याच 'अमेरिकन हसल'मध्ये (२०१३) डी नीरो एका प्रसंगापुरते येतात. समोर एक बनावट अरब शेख बसवलेला आहे. हे वृद्ध माफिया गृहस्थ त्याच्याशी अचानक अरबीत बोलू लागतात, आणि ज्या फसवणुकीला आतापर्यंत आपण हसत होतो तिच्या पोटात एकाएकी मृत्यूचे भय शिरते. प्रसंग काही मिनिटांचा, भूमिका तेवढीच, पण चित्रपटाचा तोल त्यावर फिरतो. तेव्हा प्रश्न मिनिटांचा नाही. एका पात्राच्या येण्याने दुसऱ्या पात्राचे काही बिघडते किंवा बदलते का, हा आहे.

'हसल'चाच आणखी एक दाखला. आरंभी बेल यांचा नायक आरशासमोर उभा राहून टकलावर केस चिकटवून, विंचरून, मोठ्या निगुतीने एक डोलारा उभारतो. थोड्याच वेळात ब्रॅडली कूपर यांचा अधिकारी हात घालून तो विस्कटून टाकतो. दोघांचे नाते, त्यातला अपमान, पुढचे सारे वैर त्या एका कृतीत आहे. 'ॲम्स्टरडॅम'मध्ये बेल यांच्या डॉक्टर बर्ट बेरेन्डसेनला केसांऐवजी काचेचा डोळा दिलेला आहे. महायुद्धात गमावलेल्या डोळ्याच्या जागी बसवलेला हा डोळा वारंवार निखळतो, घरंगळतो. पहिल्या वेळी आम्ही हसलो. पुढे पुढे लक्षात आले की त्या डोळ्याने कोणाचेच काही बिघडत नाही. लकब आहे, पण ती कोणाला जाऊन लागत नाही.

कथानक थोडक्यात असे. १९३३चे न्यूयॉर्क. डॉक्टर बर्ट आणि वकील हॅरॉल्ड हे युद्धातले सोबती. त्यांच्या जुन्या सेनापतीचा संशयास्पद मृत्यू होतो, त्याची मुलगी डोळ्यांदेखत मारली जाते, आणि आळ या दोघांवर येतो. शोध घेता घेता व्हॅलेरी पुन्हा भेटते. सैनिकांच्या शरीरांतून काढलेल्या तुकड्यांपासून कलाकृती घडवणारी ही परिचारिका. युद्धानंतर ॲम्स्टरडॅमला या तिघांनी काही सुखाचे दिवस घालवलेले आहेत. हे ॲम्स्टरडॅमचे प्रकरण चित्रपटातले सर्वांत जिवंत प्रकरण आहे, कारण तेथे तीनच माणसे आहेत आणि त्यांना एकमेकांशिवाय दुसरे काम नाही. त्यानंतर जी रांग लागते ती पाहुण्यांची. पक्ष्यांच्या नादी लागलेले दोन गुप्तहेर येतात, श्रीमंत भाऊ-भावजय येते, शवविच्छेदन करणारी परिचारिका येते. प्रत्येक जण आपापली विक्षिप्तता दारात ठेवतो, कथानकाचा एक धागा समजावून सांगतो आणि निघून जातो. उरलेले बर्टचे निवेदन समजावते. आमच्या विद्यार्थ्यांना ई. एम. फॉर्स्टरने केलेले सपाट आणि गोलाकार पात्रांचे वर्गीकरण पाठ असते. येथे तेही अपुरे पडते. डिकन्सची सपाट पात्रे परस्परांवर आदळतात आणि ठिणग्या उडतात. ही पात्रे एकमेकांच्या शेजारी उभी राहतात, समूहछायाचित्रात उभी राहावीत तशी.

एवढेच असते तर एक फसलेला चित्रपट म्हणून आम्ही हे पान उलटले असते. पण रसेल यांनी हाताशी घेतलेला ऐवज साधा नव्हता. चित्रपटातल्या जनरल डिलनबेकच्या मागे अमेरिकी मरीन दलाचे मेजर जनरल स्मेडली बटलर उभे आहेत. दोनदा 'मेडल ऑफ ऑनर' मिळवलेला हा सैनिक १९३१ साली निवृत्त झाला. १९३२च्या जुलैत, युद्धभत्त्याच्या मागणीसाठी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून बसलेल्या माजी सैनिकांच्या तळावर जाऊन त्याने त्यांना धीर दिला होता. माजी सैनिकांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि नेमका हा विश्वासच काही धनिकांना विकत हवा होता. १९३३ साली जेराल्ड मॅग्वायर नावाचा रोखे विकणारा एक दलाल त्याच्याकडे खेटे घालू लागला. आधी माजी सैनिकांच्या अधिवेशनात सुवर्णचलनाच्या बाजूने भाषण करण्याची गळ. मागाहून, बटलरच्या सांगण्यानुसार, पाच लाख माजी सैनिकांचे दळ घेऊन राजधानीवर चालून जाण्याची आणि रूझवेल्ट यांना नामधारी करून ठेवण्याची सूचना. १९३४च्या नोव्हेंबरात बटलरने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. तीत एक प्रसंग आहे: न्यूअर्कमधल्या हॉटेलात मॅग्वायर खोलीवर येतो आणि हजार-हजार डॉलरांच्या अठरा नोटा पलंगावर फेकतो.

गुन्हेगारी विनोदिकेला याहून अधिक काय हवे? लोकशाही उलथण्याचा बेत, आणि त्याचा दूत कोण, तर बगलेत नोटा घेऊन हिंडणारा एक घामेजलेला विक्रेता (घाम आमचा, साक्षीत नाही). या एका खोलीत दोन माणसे पुरेशी होती. चित्रपटाने बटलरची कथा उचलली खरी, पण या दलालाच्या तोडीचे एकही पात्र त्यात उभे राहत नाही. कट करणारे उंची वस्त्रांतले सूत्रधार अखेरीस येतात आणि आपले तत्त्वज्ञान बोलून दाखवतात.

येथेच आमचा आक्षेप आहे. बटलरची साक्ष वृत्तपत्रांनी त्या वेळी हसण्यावारी नेली होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तिला प्रचंड लबाडी ठरवले. १९३५च्या फेब्रुवारीत समितीने अहवालात म्हटले की असे प्रयत्न झाले, त्यांची चर्चा आणि आखणी झाली, हे निःसंशय. खटला मात्र कोणावरही झाला नाही. कट कितपत पुढे गेला होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण बोलणारा हास्यास्पद ठरला म्हणजे त्याचे बोलणेही हास्यास्पद ठरते, ही युक्ती तेव्हा उपयोगी पडली, एवढे खरे. नव्वद वर्षांनी तीच कथा पुन्हा सांगायची तर ती कोणत्या हसण्याच्या हवाली करायची, याचा विचार दिग्दर्शकाने करावयास हवा होता. सक्तीच्या नसबंदीचा भयंकर विषय चित्रपटात येतो आणि पुढच्या गमतीत विरून जातो. गोऱ्या सैनिकांनी नाकारलेल्या कृष्णवर्णीय पलटणीचा विषय येतो. प्रत्यक्षातली ३६९वी पलटण अमेरिकेची असून फ्रेंच सेनापतींच्या हाताखाली लढली होती. तोही ओझरताच. माणसे वाया गेली तशी दुःखेही.

हुकूमशाहीवर विनोदिका होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. लुबिचचा 'टू बी ऑर नॉट टू बी' (१९४२) आठवावा. वॉर्साच्या नाटक मंडळीत ग्रीनबर्ग नावाचा एक नट आहे, फेलिक्स ब्रेसार्ट यांनी केलेला. नाटकात त्याला भाला धरून उभे राहण्यापलीकडे काम मिळत नाही, आणि त्याचे स्वप्न आहे शायलॉक करण्याचे. शायलॉकचे ते सुप्रसिद्ध भाषण तो चित्रपटात अधूनमधून म्हणतो. आधी ती थट्टा वाटते, मग नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या शहरात त्याचा स्वर बदलतो. शेवटी मंडळीचा एक डाव रचला जातो, तोतया हिटलर समोर उभा केला जातो, भोवती खरे नाझी सैनिक. आणि भालदार ग्रीनबर्ग पुढे होऊन तेच भाषण म्हणतो. चुकला तर सारेच मरणार. आयुष्यभर वाया गेलेल्या एका नटाला लुबिच कोठे भूमिका देतो, पाहा! मुख्य तारका कॅरोल लोंबार्ड आणि जॅक बेनी. पण आमच्या स्मरणात ब्रेसार्ट राहतात. ते तारांकित नव्हते. त्यांच्या शब्दांवर इतरांचे प्राण अवलंबून होते.

'ॲम्स्टरडॅम'मध्ये अशी संधी एकदाच येते. माजी सैनिकांच्या मेळाव्यात डिलनबेक भाषणाला उभा राहतो. कटवाल्यांचे भाषण बाजूला सारून स्वतःचे करतो. डी नीरो तेथे उगाच आवाज चढवीत नाहीत, ताठरपणे उभे राहतात, आणि प्रथमच एका माणसाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांची किंमत सभागृहात जाणवते. पण लगेच बंदूक, धावपळ, मग सूत्रधारांचे खुलासे आणि प्रेमाविषयी बर्टचे दीर्घ निवेदन.

श्रेयनामावलीच्या वेळी पडद्याचे दोन भाग होतात. एका बाजूस डी नीरो, दुसऱ्या बाजूस जुन्या करड्या वृत्तपटातले खरे बटलर. दोघे तेच शब्द बोलत आहेत. नट किती बारकाईने तयार होऊन आला होता, हे आम्हांस तेव्हा कळले. त्या दोन चेहऱ्यांवरून आमची नजर हलत नव्हती, आणि शेजारून उरलेल्या सगळ्यांची नावे सरकत होती.